कीटकनाशकांची हाताळणी आणि बालकांतील कर्करोग

श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कोठेही गेले, वणी-मारेगावकडील वर्धाकाठच्या काळ्या जमिनीत किंवा उमरखेड-महागावकडे पैनगंगेच्या खोऱ्यात, तरी पाठीवर पंप घेतलेला माणूस पऱ्हाटीच्या ओळींतून चालताना दिसतोच. त्याला पाणी आणून देणारी बहुधा त्याची बायको असते आणि धुऱ्यावर झाडाच्या सावलीत एखादे लहान मूल बसविलेले असते. संध्याकाळी तो घरी येतो, अंगातील सदरा काढून खुंटीला लावतो आणि धावत आलेल्या मुलाला उचलून घेतो. ह्या साध्या क्रमात बापाच्या हातावरचे व कपड्यांवरचे औषध मुलापर्यंत पोहोचते. एवढेच नव्हे, तर मूल जन्मास येण्यापूर्वीही ते त्याच्यापर्यंत पोहोचू शकते, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसून आले आहे. ह्या बाबीची माहिती शेतकरी बंधू-भगिनींना व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना असावी, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

फवारणीचे विष काय करू शकते हे ह्या जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. सन २०१७ च्या खरीप हंगामात येथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषबाधेच्या रुग्णांची रीघ लागली होती. पीक त्या वर्षी डोक्याच्या वर वाढले होते. त्यामुळे नळी वर धरून फवारावे लागे आणि उडालेले तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर येत. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची चाल होतीच. शासनाने विशेष पथक नेमून चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. ती घटना तीव्र विषबाधेची होती, कर्करोगाची नव्हे. परंतु ज्या वाटेने ते विष त्या माणसांच्या शरीरात शिरले, त्याच वाटेने ते थोड्या थोड्या मात्रेत दर वर्षी हजारो माणसांच्या शरीरात शिरत असते, आणि त्यांना त्या दिवशी चक्करही येत नाही. अशा थोड्या मात्रेच्या परिणामांचा विचार येथे करावयाचा आहे.

डबीवरचा त्रिकोण काय सांगतो आणि काय सांगत नाही

कीटकनाशकाच्या डबीवर रंगीत त्रिकोण असतो, हे बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण पाहून पुष्कळजण निर्धास्त होतात. तथापि हा रंग एकच गोष्ट सांगतो: औषध एकदम पोटात गेले किंवा त्वचेला लागले, तर किती मात्रेने जीव जाण्याचा संभव आहे. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्यास काय होईल, गर्भावर काय परिणाम होईल, ह्याविषयी तो त्रिकोण काहीही सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संशोधन संस्था फ्रान्समधील ल्योन येथे आहे. तिने २०१५ मध्ये लिंडेन हे मानवास कर्करोगकारक ठरविले. त्याच वर्षी मॅलाथिऑन, डायझिनॉन, डीडीटी व ग्लायफोसेट ही ‘बहुधा कर्करोगकारक’ ह्या वर्गात घातली. ह्यांतील लिंडेनचा वापर आपल्या देशात २०१३ पासून बंद आहे व डायझिनॉनवर २०१८ मध्ये बंदी आली. ग्लायफोसेट हे तर तणनाशक. ते कीटकनाशकही नव्हे, म्हणून त्याला कोणी फारसे विष मानीत नाही. ते केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरावे, असा निर्बंध केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केला.

येथे एक प्रश्न साहजिक उभा राहतो. इतकी वर्षे फवारणी चालू आहे, तर गावातल्या लोकांच्या ध्यानात हे कसे आले नाही? त्याचे उत्तर हिशेबात आहे. मुलांमधील कर्करोग हा मुळात विरळा रोग होय. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारणतः शंभर ते दीडशे मुलांना तो होतो. दोन हजार वस्तीच्या गावात पंधरा वर्षांखालील मुले पाच-साडेपाचशे धरली, तर त्या गावात असा एखादा रुग्ण पंधरा वर्षांतून एकदा निघेल. कीटकनाशकामुळे हे प्रमाण उद्या दीडपट झाले, तर तो रुग्ण पंधराऐवजी दहा वर्षांनी निघेल. हा फरक डोळ्यांनी दिसणारा नव्हे. पऱ्हाटीत चक्कर येऊन पडलेला माणूस सारा गाव पाहतो. हे दुसरे नुकसान गावाला कधीच दिसत नाही. ते दिसण्यासाठी हजारो कुटुंबांची नोंद ठेवावी लागते.

नोंदींवरून काय आढळले

अशी नोंद अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलिना ह्या शेतीप्रधान राज्यांत १९९३ पासून ठेवण्यात आली आहे. फवारणीचा परवाना घेणाऱ्या शेतकऱ्यांना ते कोणती औषधे वापरतात, कशी मिसळतात, कोणती साधने अंगावर घालतात हे विचारून लिहून घेतले गेले. पुढे आयोवातील अशा शेतकऱ्यांच्या १७,३५७ मुलांची माहिती कर्करोगाच्या सरकारी नोंदवहीशी ताडून पाहण्यात आली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या मुलांमध्ये कर्करोगाचे ५० रुग्ण आढळले; राज्याच्या सरासरीवरून ते सुमारे ३७ असावयास हवे होते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाण विशेष अधिक, दुपटीहून थोडे जास्त होते. आपल्या दृष्टीने त्यातील सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, जे बाप रसायनरोधक हातमोजे वापरीत नव्हते, त्यांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण हातमोजे वापरणाऱ्यांच्या मुलांच्या मानाने जवळजवळ दुप्पट आढळले.

पन्नास ही संख्या लहान आहे, आणि हातमोजे घालणारा माणूस इतरही बाबतींत काळजी घेणारा असतो. तेव्हा सारे श्रेय हातमोज्यांनाच देणे बरोबर होणार नाही. तरी पण औषधाचा बापाच्या हाताशी झालेला स्पर्श आणि मुलाचे आरोग्य ह्यांचा संबंध इतक्या सरळपणे दाखविणारी माहिती दुसरीकडे क्वचितच आढळते.

दुसरा आधार त्याहून मोठा आहे. बालकांतील रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन आपल्या तेरा पाहण्यांची माहिती एकत्र केली व २०१४ मध्ये तिचा निष्कर्ष मांडला. रक्ताचा कर्करोग मुलांत प्रामुख्याने दोन प्रकारचा असतो. पहिला, म्हणजे लसिकापेशींचा तीव्र रक्तकर्करोग, अधिक आढळतो. दुसरा, मज्जापेशींचा, कमी आढळतो. गर्भधारणेच्या सुमारास ज्यांच्या बापाचा कामानिमित्त कीटकनाशकांशी संबंध आला होता, त्या मुलांत पहिल्या प्रकाराचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी अधिक आढळले. आणि गरोदरपणात ज्यांच्या आईचा असा संबंध आला होता, त्या मुलांत दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले.

‘दुप्पट’ हा शब्द ऐकून कोणीही घाबरून जाऊ नये, म्हणून त्याचा अर्थ येथेच स्पष्ट केला पाहिजे. दुसऱ्या प्रकारचा हा रोग दर दहा लाख मुलांमागे वर्षाला सात-आठ मुलांना होतो. दुप्पट म्हणजे पंधराच्या आसपास. फवारणीत राबलेल्या आईची बहुसंख्य मुले पूर्णपणे निरोगीच असतात. शिवाय अशा पाहण्यांत आजारी मुलाच्या आईबापांना मागच्या वर्षांतील गोष्टी आठवून सांगाव्या लागतात, आणि ज्याच्यावर आपत्ती आली आहे तो अधिक बारकाईने आठवतो. हा दोष शास्त्रज्ञांनीही ध्यानात घेतलेला आहे. म्हणूनच एखाद्या विशिष्ट मुलाकडे बोट दाखवून, ह्याचा रोग फवारणीनेच झाला, असे कोणालाही म्हणता येणार नाही. कार्यकर्त्यांनी हे कटाक्षाने पाळावे. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरातील आईबाप आधीच स्वतःला दोष देत असतात.

धोका लहान असला तरी तो टाळता येण्याजोगा आहे, आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्याने तो स्वतः पत्करलेला नसतो. फ्रान्सने ह्या दृष्टीने एक पाऊल टाकले आहे. कीटकनाशकांमुळे आजारी पडलेल्यांसाठी तेथे २०२० मध्ये भरपाई-निधी सुरू झाला. आईच्या किंवा बापाच्या कामामुळे जन्मापूर्वी कीटकनाशकांच्या संपर्कात येऊन आजारी झालेल्या मुलांनाही त्यातून भरपाई मागता येते.

जन्मापूर्वीचा काळ

मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या कर्करोगाहून एका बाबतीत निराळा आहे. मोठ्या माणसास हा रोग होण्यास बहुधा वीस-तीस वर्षांचा तंबाखूचा किंवा अन्य सवयींचा इतिहास असतो. तीन वर्षांच्या मुलाला असा इतिहास कोठला? तेव्हा कारणाचा आरंभ जन्मापूर्वीच शोधावा लागतो. लंडन येथील मेल ग्रीव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ह्याचा पुरावाच दाखविला. त्या देशात नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो कागदावर सुकवून ठेवण्याची पद्धत आहे. पुढे रक्ताचा कर्करोग झालेल्या काही मुलांचे असे जुने कागद काढून तपासले, तेव्हा रोगास कारण होणारा पेशींतील बिघाड जन्माच्या दिवशीच रक्तात हजर असल्याचे आढळले. पुढील संशोधनातून असेही दिसले की, असा पहिला बिघाड असणारी सगळीच मुले आजारी पडत नाहीत. बहुसंख्य मुलांत तो आपोआप नाहीसा होतो. जन्मानंतर आणखी काही आघात झाला तरच रोग प्रकट होतो.

ह्यावरून काळाचे तीन भाग पडतात. पहिला गर्भधारणेच्या आधीचा. पुरुषाच्या शरीरात वीर्यातील बीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. दिवाळीच्या सुमारास गर्भ राहिला, तर ते बीज फवारणीच्या भर हंगामात घडत होते, असा त्याचा अर्थ होतो. दुसरा काळ गरोदरपणाचा. आईच्या रक्तातील अनेक रसायने वारेतून गर्भाकडे जातात, आणि पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा स्वतः त्या स्त्रीलाही दिवस गेल्याचे कळलेले नसते, तेव्हा गर्भाची जडणघडण सर्वांत वेगाने चाललेली असते. तिसरा काळ जन्मानंतरचा; त्यात मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते आणि घरातील धूळ त्याच्या पोटात जाते.

विष घरी कसे येते

नाकातोंडाला रुमाल बांधला म्हणजे आपण सुरक्षित झालो, अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु फवारणीत शरीरात जाणाऱ्या औषधाचा मोठा भाग श्वासावाटे नव्हे, तर त्वचेवाटे जातो. आणि त्वचा सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन ह्या औषधाचे शोषण शरीराच्या कोणत्या भागातून किती होते, हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोजले होते. हाताच्या पुढच्या भागाच्या मानाने ते कपाळावर चौपट आणि अंडकोशाच्या त्वचेवर सुमारे बारा पट आढळले. आता फवारणाऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तो नुकत्याच फवारलेल्या ओळीतून पुढे चालतो, पंपाच्या झाकणातून गळणारे पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचा कपडा ओला होऊन दिवसभर अंगाला चिकटून राहतो. रुमाल तोंडाला बांधलेला असतो. बीज जेथे तयार होते तो भाग मात्र विषात भिजत असतो. गळका पंप दुरुस्त करून घेणे आणि कमरेखाली प्लॅस्टिकचे आवरण बांधणे ह्या दोन गोष्टी म्हणूनच रुमालाहून अधिक महत्त्वाच्या आहेत. मेणकापड किंवा खताच्या पिशवीच्या आतील जाड पारदर्शक कागद स्वच्छ धुऊन, लुंगीसारखा गुंडाळला तरी काम भागते.

हातमोज्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे जरूर आहे, कारण चुकीचा मोजा हा मोजा नसण्याहून वाईट. कापडी मोजा औषध शोषून घेतो आणि दिवसभर हाताला लावून ठेवतो. दवाखान्यात वापरतात ते पातळ मोजे लवकर फाटतात. नायट्राइल रबराचे, कोपराच्या दिशेने लांब असलेले मोजे घ्यावेत. सर्वांत जास्त धोका औषध मोजून पंपात ओतताना असतो, कारण तेव्हा ते पाण्यात मिसळलेले नसते. पुष्कळ ठिकाणी नेमके ह्याच वेळी उघड्या हाताने झाकण भरून औषध घेतात व काडीऐवजी हातानेच ढवळतात. तेव्हा उकाड्यामुळे दिवसभर मोजे घालणे ज्याला खरोखरच शक्य नाही, त्याने निदान औषध मिसळताना तरी ते घातल्यावाचून राहू नये. पीक उंच असून हात वर करून फवारावयाचे असेल तर मोजा बाहीच्या वर चढवून त्याची कड उलटी दुमडावी, म्हणजे ओघळ बाहीत शिरत नाही. हात खाली ठेवून फवारताना बाही मोज्यावर ओढावी. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत आणि मगच काढावेत.

कपड्यांचा प्रश्न घरातील स्त्रियांशी निगडित आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांतून काम करणाऱ्या मजुरांच्या घरांची पाहणी झाली, तेव्हा बागेत वापरलेले औषध बहुसंख्य घरांतील धुळीत आणि मजुरांच्या गाड्यांच्या धुळीतही सापडले. त्या घरांत कोणी फवारणी केलेली नव्हती. ते कपड्यांवरून व पादत्राणांवरून आले होते. आपल्याकडे फवारणीचा सदरा खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घालण्याची रीत आहे आणि त्याच खुंटीखाली मुलाची गोधडी पसरलेली असते. ह्याला उपाय साधा आहे. फवारणीचा एक जोड निराळा ठेवावा, तो घराबाहेर गोठ्याजवळ बदलावा, अंघोळ झाल्यावाचून मुलाला हात लावू नये. कपडे रोजच्या रोज, इतर धुण्याबरोबर न मिसळता, भरपूर साबण व शक्य तर गरम पाणी घेऊन दोनदा धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. धुणारी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावे. नवऱ्याने स्वतःचे फवारणीचे कपडे स्वतः धुतले, तर त्यात कमीपणा कसला?

पंप व औषधाच्या डब्या माजघरात किंवा धान्याशेजारी ठेवू नयेत. रिकाम्या डब्यांत तेल, पाणी, मीठ काहीही भरू नये. ह्या सूचना जुन्याच आहेत. एक नवी सूचना येथील परिस्थितीवरून सुचते. भाव वाढण्याची वाट पाहत शेतकरी कापूस राहत्या घरात रचून ठेवतात, आणि मुलांना त्या ढिगावर लोळण्याइतके दुसरे सुख वाटत नाही. वेचणीच्या तोंडावर फवारणी झालेली असेल, तर तो कापूस पूर्णपणे स्वच्छ आहे असे समजू नये. त्यासाठी निराळी खोली नसेल, तर निदान पडदा बांधून मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

गरोदर स्त्री आणि रोजमजुरी

बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांनी औषध मिसळणे, पंप भरणे व फवारणे ही कामे मुळीच करू नयेत, असा स्पष्ट नियम गावाने करावा. दिवस गेल्याचे कळल्यावर थांबू, हे पुरेसे नाही. कारण नाजूक काळ तोवर निघून गेलेला असतो. फवारलेल्या वावरात निंदणासाठी मजूर पाठविताना वेष्टणावर दिलेला काळ पाळावा, आणि तो दिलेला नसेल तर निदान दोन दिवस जाऊ द्यावेत.

हे लिहिणे सोपे आहे. पाळणे कोणाला कठीण आहे हेही सांगितले पाहिजे. ज्या स्त्रीचा चरितार्थ रोजावर चालतो ती, काल फवारणी झाली म्हणून आज निंदणाला येत नाही, असे म्हणू शकत नाही. तसे म्हटले तर तिच्या जागी दुसरी येते. सालगड्यालाही मोजे मागण्याचा संकोच वाटतो. तेव्हा ही सूचना मजुराला उद्देशून नसून मालकाला उद्देशून आहे. मोजे, बाह्यांचा सदरा, कमरेचे आवरण आणि साबण ही मालकाने द्यावीत. आज कोणती ओळ फवारली हे मजुरांना सांगावे. गरोदर स्त्रीला त्या दिवशी बियाणे निवडण्याचे, गोदामातील किंवा दुसऱ्या शेतातील काम देऊन तिचा रोज बुडू देऊ नये. मोज्यांच्या जोडाची किंमत एका फवारणीच्या औषधाच्या किमतीपुढे क्षुल्लक असते. ती वाचविण्यात कोणताही व्यवहार नाही.

फवारण्यांची संख्या कमी होणे हा सर्वांत चांगला उपाय होय. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून, सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री सापडल्यास किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली आढळल्यासच औषध घ्यावे. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारू नये. पाच टक्के निंबोळी अर्क आरंभीच्या काळात उपयोगी पडतो. फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. औषधे एकत्र मिसळण्याविषयी दुकानदाराचे ऐकण्यापेक्षा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पाहाव्यात.

शेतीखेरीज इतर उद्योगांतही हाच विचार लागू होतो. रंगकामात वापरली जाणारी द्रावणे, पेट्रोल व त्यातील बेंझिन ह्यांचा संपर्क येणाऱ्यांनीही कामाचे कपडे घरात आणू नयेत. बापाच्या विडीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. आईबापांच्या धूम्रपानाने मुलांत यकृताचा एक विशिष्ट कर्करोग होतो, असे ल्योनच्या संस्थेने निश्चितपणे म्हटले आहे. फवारणीचे मोजे घालून तोंडात विडी धरणाऱ्याने अर्धेच काम केले, असे समजावे.

स्तनपान, गोळ्या आणि वेळेवर ओळख

ह्या सर्व माहितीचा एक विपरीत परिणाम होऊ शकतो, तो म्हणजे आईने भीतीने अंगावर पाजणे बंद करणे. तसे कदापि करू नये. सहा महिने किंवा अधिक काळ आईचे दूध मिळालेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी असते, असे अनेक पाहण्या एकत्र करून २०१५ मध्ये दिसून आले. गरोदरपणात फॉलिक आम्ल किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतलेल्या मातांच्या मुलांतही हे प्रमाण काहीसे कमी आढळले आहे. उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या काळ्या होतात, मळमळते म्हणून उतरंडीत पडून राहतात; आशा सेविकांनी त्या खरोखरच पोटात जातात की नाही हे पाहावे.

मुलांचा कर्करोग मोठ्यांच्या मानाने पुष्कळच अधिक बरा होणारा आहे. जेथे उपचार वेळेवर व पूर्ण होतात अशा देशांत शंभरांपैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे मुले दगावतात ती बरेचदा उशिरामुळे आणि उपचार अर्धवट सोडल्यामुळे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा व कारण न सापडणारा ताप, मूल पांढरे पडत जाणे, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे, हाडे दुखतात म्हणून चालण्यास नकार देणे, मानेत, काखेत वा पोटात न दुखणारी गाठ, सकाळी डोके दुखून उलटी होणे, डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास अंगारे-धुपारे किंवा गावातील इंजेक्शन ह्यांत आठवडे न घालविता मुलाला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यावे. अशी लक्षणे बहुतेक वेळा साध्याच आजाराची निघतात. पण साधी रक्ततपासणी करून घेतल्यावाचून ते ठरत नाही. शाळा व अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येते, त्याच्या कानावर ही गोष्ट अवश्य घालावी.

पुढील उपचारांसाठी यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय येथे पाठविले जाते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च शासन करते. जाताना शिधापत्रिका, मुलाचे व पालकांचे आधारपत्र आणि आधीच्या तपासण्यांचे सर्व कागद बरोबर न्यावेत. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. पहिल्या दोन महिन्यांत मूल हसू-खेळू लागते, आणि त्याच सुमारास पेरणी किंवा वेचणी आली की आईबाप परत येतात व पुढची फेरी चुकवितात. त्या वेळी गावातील कार्यकर्त्याने त्यांच्या घरी जाऊन पुढील तारीख कोणती हे विचारावे, आणि शेतातील कामासाठी शेजाऱ्यांची मदत उभी करून त्यांना पुन्हा गाडीत बसवून द्यावे.